कॉर्सिकाच्या पाइनवनातील पक्षी

भूमध्य समुद्रातील कॉर्सिका हे बेट म्हणजे पाण्यातून वर आलेला एक डोंगरच होय. त्याचे सर्वोच्च शिखर मोंते चिंतो २,७०६ मीटर उंच आहे. म्हणून येथे पक्षी पाहावयाचे तर उंचीप्रमाणे पाहावे लागतात. अजाक्सिओ बंदराहून बास्तियाकडे जाणारी आगगाडी डोंगर चढू लागते, तेव्हा प्रथम ‘माकी’ नावाची सुगंधी, काटेरी झुडपे लागतात. त्यांत वटवट्यांच्या जातीचे लहान पक्षी वावरतात. पुढे चेस्टनटची झाडे येतात आणि विझावोनाच्या परिसरात बीच व लारिसिओ पाइन यांचे अरण्य सुरू होते.

या पाइनवनांतच कॉर्सिकन नटहॅच राहतो. शिलिंध्रीच्या कुळातील हा सुमारे १२ सेंटिमीटर लांबीचा पक्षी जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. नराच्या माथ्यावर काळी टोपी असते, मादीची करडी असते. दोघांच्याही भुवईची रेघ पांढरी असते. जॉन व्हाइटहेड या इंग्रज संग्राहकाला तो १८८३ मध्ये मिळाला आणि पुढील वर्षी त्याच्याच नावावरून पक्ष्याचे शास्त्रीय नाव ठेवण्यात आले.

एवढा लहान पक्षी डोंगरातील हिवाळा कसा काढतो? पाइनची फळे उन्हात उमलतात व थंड, ओलसर हवेत मिटतात. उघडीप असेल तेव्हा हा पक्षी बिया काढून सालीच्या भेगांत दडवितो आणि फळे मिटलेली असतील त्या दिवसांत त्यांवर निर्वाह करतो. पुरेशा बिया मोठ्या, जुन्या झाडांपासूनच मिळतात.

घरट्याची गरज याहून बिकट आहे. आपल्याकडील तांबूस पोटाची शिलिंध्री झाडातील पोकळीचे तोंड चिखलाने लिंपून लहान करते. कॉर्सिकन नटहॅच लिंपणकाम करीत नाही. तो बहुधा स्वतःच बीळ कोरतो; परंतु त्याची चोच सुतारपक्ष्याइतकी बळकट नसल्याने त्याला कुजून मऊ झालेले, वाळलेले खोडच लागते. वनव्यवस्थेच्या दृष्टीने निरुपयोगी ठरणारे असे खोड तोडले, तर जोडपे घरट्याला मुकते.

या पक्ष्याच्या सुमारे दोन हजार जोड्याच उरल्या असाव्यात. इ. स. २००० नंतरच्या काही वर्षांतील मोठ्या वणव्यांत त्याची कित्येक वने जळाली. नवे पाइन उगवतात हे खरे. पण त्यांना बिया देण्याइतके वय यावयास आणि मग त्यांतील काही वाळून कुजावयास पिढ्या जातात.

वनाच्या वर उघडे कडे लागतात. हिमालयातही आढळणारे दाढीवाले गिधाड येथे थोड्या संख्येने तग धरून आहे. हाडे उंचावरून खडकावर टाकून ते फोडते. त्यासाठी नजर आकाशात ठेवावी लागते. नटहॅच पाहावयाचा असल्यास मात्र एप्रिल-मे महिन्यांत साल गळालेल्या एखाद्या खोडापासून काही अंतरावर स्वस्थ बसावे.