फँटम

फँटम : दहशतवाद्यांवरील सुडाचे कथानक असलेला हिंदी थरारपट. दिग्दर्शक कबीर खान. प्रदर्शन २८ ऑगस्ट २०१५. मुंबईतील पत्रकार एस. हुसेन झैदी यांच्या मुंबई ॲव्हेंजर्स (२०१५) या कादंबरीवर तो आधारलेला आहे.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवाद्यांनी मुंबईवर चढविलेल्या हल्ल्यात १६६ माणसे मृत्युमुखी पडली. जिवंत सापडलेला एकमेव हल्लेखोर अजमल कसाब यास २०१२ मध्ये येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. कटाचे प्रमुख सूत्रधार मात्र परदेशातच राहिले. ही उणीव चित्रपटात कल्पनेने भरून काढली आहे. सैन्यातून बडतर्फ झालेला दानियाल खान (सैफ अली खान) हा नवाज मिस्त्री (कतरिना कैफ) हिच्या साहाय्याने देशोदेशी जाऊन सूत्रधारांना एकेक करून ठार करतो व परतताना समुद्रात स्वतः प्राणास मुकतो.

प्रदर्शनाच्या चारच आठवडे आधी, ३० जुलै २०१५ रोजी, १९९३ च्या मुंबई बाँबस्फोट खटल्यातील याकूब मेमन यास नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात फाशी देण्यात आली. गुन्हा व शिक्षा यांत २२ वर्षांचे अंतर पडले होते आणि फाशीच्या दिवशी पहाटेपर्यंत सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू होती. या दीर्घ वाटेने शिणलेल्या प्रेक्षकास पडद्यावरील तत्काळ शासन सुखावह वाटावे, हे स्वाभाविक होय. परंतु त्यात पुराव्याची छाननी नाही, की आरोपीची बाजूही नाही. झैदी यांच्याच ब्लॅक फ्रायडे (२००२) या त्या स्फोटांवरील पुस्तकावरून अनुराग कश्यप यांनी काढलेल्या चित्रपटाचे प्रदर्शन खटल्याच्या निकालापर्यंत न्यायालयाने रोखून धरले होते. तो २००७ मध्ये लोकांपुढे आला. काल्पनिक सूडकथेस अशी अडचण नव्हती.

भारतात फँटमविषयी समीक्षकांचे एकमत झाले नाही. शत्रू इतक्या सहजी पडतात, की उत्कंठा टिकत नाही, हा आक्षेप रास्त आहे. आपले कर्मचारी कधीही शस्त्र बाळगत नाहीत, असे सांगून ‘मेदसँ साँ फ्राँतिए’ या वैद्यकीय मदतसंस्थेनेही हरकत घेतली. पाकिस्तानात हाफिज सईद याने केलेल्या अर्जावरून लाहोर उच्च न्यायालयाने २० ऑगस्ट रोजी, म्हणजे प्रदर्शनापूर्वीच, चित्रपटावर बंदी घातली. कबीर खान यांचाच बजरंगी भाईजान जुलैमध्ये तेथील चित्रपटगृहांत गर्दी खेचून गेला होता. एप्रिल २०१६ मध्ये ते कराचीस गेले असता विमानतळावर निदर्शकांनी त्यांना घेरले, ते फँटममुळेच.