मे महिन्याची सुट्टी आणि शाळेचे ग्रंथकपाट

गोमंतकातील सांकवाळ या खेड्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नारळाच्या बागायतीची देखरेख करणाऱ्या एका तरुणाच्या हाती मुलांसाठी निघणारे एक मराठी मासिक आले. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेले ‘बालबोध’ हेच ते मासिक होय. त्यात आलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्या तरुणाने वाचले आणि त्याच्या मनाने ठाव घेतला. ज्ञानाच्या शोधार्थ १८९९ मध्ये तो घराबाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असा प्रवास करीत तो श्रीलंकेपर्यंत पोहोचला. पुढे कलकत्ता विद्यापीठात, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ज्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला, ते आचार्य धर्मानंद कोसंबी म्हणजेच हा तरुण. खेड्यातील वाचकाच्या हाती योग्य वेळी पडलेली चार पाने काय करू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

शाळांना मे महिन्याची सुट्टी लागली की मुले आंबे, फणस, विहीर आणि आजोळ यांत रमून जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नाही, त्या घरातील मुलाचे वाचन या काळात पूर्णपणे थांबते. घरी कोकणी बोलणाऱ्या व शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलाचा तर ग्रांथिक मराठीशी येणारा संबंधच तेवढा काळ तुटतो. नुकतेच अक्षर जुळवू लागलेले मूल जूनमध्ये शाळेत परत येते ते पुन्हा अडखळत. याच काळात शाळेतील गोष्टींची पुस्तके मात्र कुलूपबंद कपाटात स्वस्थ पडून असतात. ही पुस्तके सुट्टीपूर्वी मुलांच्या हाती पोहोचविणे, हे शिक्षकाच्या वार्षिक कामातील एक महत्त्वाचे काम मानले पाहिजे.

शिक्षकांसाठी चार पुस्तके

जो शिक्षक स्वतः वाचत नाही, त्याने केलेल्या शिफारशीत जीव नसतो. म्हणून प्रारंभ शिक्षकांच्या वाचनापासून व्हावा.

पहिले पुस्तक गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. मूळ गुजरातीतील या छोट्या पुस्तकात एक शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पाठांतराऐवजी तो गोष्टी सांगून आरंभ करतो. मुले प्रथम गोंधळ घालतात, सहकारी थट्टा करतात, पालक कुरकुरतात. त्या सर्वांना तोंड देत तो पुढे जातो. आपल्याही शाळेत हेच घडते, असे प्रत्येक प्राथमिक शिक्षकास वाटेल.

दुसरे, जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचे १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘तोत्तोचान’. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी ते मराठीत आणले आहे. पहिल्या शाळेने काढून टाकलेल्या चंचल मुलीला दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी कित्येक तास शांतपणे बोलू देतात. त्या शाळेचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरत आणि एक डबा वाचनालयासाठी राखलेला होता. मुलाचे ऐकून घेणे हीच अध्यापनाची पहिली पायरी आहे, हे या पुस्तकावरून कळते.

तिसरी, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही १९५५ मधील कादंबरी. धनगरांच्या वस्तीवर नेमलेला तरुण मास्तर तेथील लोकांचा विश्वास कसा संपादन करतो आणि दुष्काळात ती वाडी कशी उठून जाते, याचे संयत चित्रण तीत आहे. दूरच्या वाड्यावरील शाळेत बदली झालेल्या शिक्षकाने ती आवर्जून वाचावी. चौथे, धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र. शिकण्यासाठी माणूस किती कष्ट सोसू शकतो, हे त्यातून प्रत्ययास येते.

मुलांसाठी निवड

सर्व मुलांना एकच पुस्तक लागू पडत नाही. पहिली-दुसरीतील मुलांना मोठी अक्षरे, भरपूर चित्रे व थोडा मजकूर असलेली पुस्तके द्यावीत. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील अनेक पुस्तके या वयास उपयुक्त आहेत. तिसरी-चौथीसाठी इसापनीती व पंचतंत्र यांतील छोट्या गोष्टी योग्य होत. त्या एका बैठकीत संपतात आणि पुस्तक पुरे केल्याचा आनंद देतात.

पाचवी ते सातवीतील मुलांना साहस व खोडकरपणा यांची ओढ असते. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आणि ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ यांनी मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली आहे. असली पुस्तके वाचून मुले बिघडतात, हा समज सोडून द्यावा. आवडीने वाचलेले हलके पुस्तक हीच गंभीर ग्रंथाकडे नेणारी वाट असते.

याहून मोठ्या मुलांसाठी वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ सुचवावे. गुलामीत जन्मलेला एक अनाथ मुलगा शिकून कृषिशास्त्रज्ञ होतो आणि कापसाच्या सततच्या पिकाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग घेण्याचे महत्त्व शेतकऱ्यांना पटवितो, ही हकीकत शेतकरी कुटुंबातील पालकांनाही रुचेल. शांता शेळके यांनी अनुवादिलेली ‘चौघीजणी’ मुलींना जवळची वाटेल. मुलांनीही ती वाचावी.

सर्व घराने मिळून वाचावे असे पुस्तक म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ती लिहावयास घेतली. तिची प्रकरणे ‘रात्री’ या नावाने मांडली असून अशा बेचाळीस रात्री आहेत. जेवणे आटोपल्यावर रोज एक रात्र शाळेत जाणाऱ्या मुलाने ओसरीवर मोठ्याने वाचावी. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही त्यात सहभागी होता येईल आणि मुलाच्या वाचनाला श्रोता मिळेल.

काही व्यावहारिक सूचना

पुस्तके कपाटात राहतात याचे खरे कारण बहुधा उदासीनता नसून भीती असते. पुस्तक हरवले तर नोंदवहीत काय लिहावे आणि भरपाई कोणी करावी, या विचाराने शिक्षक कुलूप काढण्यास कचरतात. मुख्याध्यापकांनी व अधिकाऱ्यांनी याबाबतची व्यवस्था सुट्टीपूर्वीच लेखी स्पष्ट करावी. एका साध्या वहीत मुलाचे नाव, पुस्तकाचे नाव, तारीख व पालकाची सही एवढी नोंद पुरेशी आहे. न वाचता वर्षानुवर्षे जपून अखेर वाळवीने खाल्लेले पुस्तक हेही हरवलेलेच पुस्तक होय.

एका वाड्यावरील पाच-सहा मुलांना निरनिराळी पुस्तके द्यावीत, म्हणजे ती आपसांत बदलून प्रत्येकास पाच-सहा पुस्तके वाचावयास मिळतील. शाळेचा संग्रह तोकडा असल्यास ग्राम ग्रंथालय वा तालुका ग्रंथालयाकडे जावे. १८३२ मध्ये स्थापन झालेले पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय आज कृष्णदास शामा यांच्या नावे ओळखले जाते. राजधानीस जाणाऱ्या पालकांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे.

सुट्टीतील वाचनावर परीक्षा घेऊ नये, सारांश लिहून आणण्याची सक्तीही करू नये. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी शिक्षकाने आपण वाचलेल्या पुस्तकाविषयी प्रथम बोलावे आणि मग मुलांना बोलू द्यावे. पुढचा कोसंबी कोणत्या वाड्यावर आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. त्याच्यापर्यंत पुस्तक पोहोचविणे मात्र ज्यांच्याकडे कपाटाची किल्ली आहे, त्यांच्याच हाती आहे.