४७ एफ/१५

पुणे एका नकाशात मावत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटची कड १८ अंश ३० मिनिटे अक्षांशावर येते आणि ही रेघ स्वारगेटजवळून जाते. शनिवारवाडा ४७ एफ/१४ मध्ये, कात्रज ४७ एफ/१५ मध्ये. आंबिल ओढ्याचा उगम एका शीटवर, मुठेशी संगम दुसरीवर. त्यामुळे ओढा वाचायचा तर दोन्ही शीट जमिनीवर कडेला कड लावून पसरायच्या.

माझी ४७ एफ/१५ ची प्रत जुनी, इंचाला मैल प्रमाणाची. वरच्या कडेपासून तीनेक इंच खाली आंबिल ओढ्यावरचा कात्रजचा तलाव. तो नानासाहेब पेशव्यांनी बांधवला. भुयारी नळाने त्याचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत जाई. बहुतेकांची नजर तलावाच्या निळ्यावर थांबते. खरा मजकूर तपकिरी रेषांत असतो. दर ५० फुटांना एक समोच्च रेषा. तिचं टोक चढाकडे वळलं तर घळ, उताराकडे वळलं तर डोंगराची सोंड.

मग वर ट्रेसिंग पेपर ठेवून पाणलोटाची हद्द काढायची. तलावाच्या बांधापासून निघायचं, सोंडेच्या माथ्यामाथ्याने चढायचं, प्रत्येक समोच्च रेषा काटकोनात छेदायची आणि एकही ओढा ओलांडायचा नाही. ओलांडला की पुन्हा खोडरबर. पेन्सिल कात्रजच्या घाटमाथ्यावर पोचते तेव्हा अलीकडचं पाणी मुठेचं, पलीकडचं शिवगंगेतून नीरेचं. (दोघी शेवटी भीमेलाच मिळतात, ही गंमत वेगळी.)

या नकाशांत बारमाही पाणी निळं आणि पावसाळी ओढे काळे. उन्हाळ्यात जागा पाहणाऱ्याला ओढा कोरडा दिसतो, म्हणजे नाहीच असं तो धरतो. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल असा घराघरांत शिरला, माणसं गेली.

तलावाच्या वरच्या अंगाची भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी २०२१ मध्ये महापालिकेत आली. ट्रेसिंग घेऊन तिकडे फिरताना सोंड कापून सपाट केलेलं प्लॉटिंग दिसलं, की तिथल्या समोच्च रेषा मी लाल पेन्सिलीने खोडतो. ओढ्याची काळी रेघ खोडत नाही, वर मुरूम टाकून रस्ता झालेला असला तरी.