तारांखालची जमीन

शेतावरून उच्च दाबाची वीजवाहिनी गेली, म्हणजे जमीन कोणाची? मालकाचीच, सातबाऱ्यावरील नाव बदलत नाही. १८८५ च्या तार-कायद्याने सरकारला दिला तो केवळ वापराचा हक्क. २००३ च्या वीज कायद्याच्या १६४ व्या कलमान्वये तोच अधिकार वीजवाहिनी उभारणाऱ्यास देता येतो. मग मालकाच्या संमतीवाचून काम चालते. त्याने अडविलेच, तर जिल्हादंडाधिकाऱ्याचा हुकूम आणतात. भरपाई अपुरी वाटल्यास मालकाने जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागावी.

भरपाई मिळावयाची ती नुकसानीची. आणि नुकसान म्हणजे तुडविलेले पीक व तोडलेली झाडे, एवढाच अर्थ व्यवहारात पुष्कळ काळ चालला. वस्तुतः मनोऱ्याच्या चार पायांमधील जागा नांगरटीस मुकते. २२० किलोव्होल्टच्या तारांखाली सुमारे ३५ मीटर रुंदीच्या पट्ट्यात ज्वारी पिकेल, पण आंबा वाढविता येत नाही, घर बांधता येत नाही. आणि विकावयास काढल्यास गिऱ्हाईक भाव पाडते. ही हानी पिकासारखी एका हंगामात भरून येणारी नव्हे.

केंद्राने २०१५ साली मनोऱ्याच्या जागेस जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के व पट्ट्यास जास्तीत जास्त १५ टक्के मोबदला सुचविला. २०२४ साली हेच प्रमाण २०० व ३० टक्के केले. अर्थात ही मार्गदर्शक तत्त्वे होत. ती अंगीकारणे राज्यांच्या हाती. शिवाय किंमत सरकारी दरपत्रकातील धरावी की बाजारातील, हा तंटा उरतोच.