लॅपटॉपचा आवाज गेला? दुकान गाठण्याआधी हे तपासा

ऑनलाइन मुलाखत सुरू झाली, समोरच्याचे ओठ हलताहेत. पण लॅपटॉपमधून आवाजच येत नाही. अशा वेळी ‘स्पीकर गेला’ असे म्हणून अनेक जण थेट दुरुस्तीचे दुकान गाठतात. अनेकदा स्पीकर शाबूत असतो, आवाज मात्र भलतीकडे वळलेला असतो. म्हणून पैसे मोजण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे, हे ओळखायला हवे.

आवाज जातो कुठे?
ब्लूटूथ इअरबड किंवा एचडीएमआय केबलने टीव्ही जोडला, की विंडोज बहुतेक वेळा आवाज तिकडे पाठवते. विंडोज ११ मध्ये टास्कबारवरील स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘साउंड सेटिंग्ज’ उघडा आणि ‘आउटपुट’मध्ये लॅपटॉपचा स्पीकर निवडा. ‘व्हॉल्यूम मिक्सर’मध्ये एखादे अॅप म्यूट झाले आहे का, तेही पाहा.

हेडफोन लावून पाहा
वायरच्या हेडफोनमध्ये आवाज आला, तर साउंड चिप आणि ड्रायव्हर बहुधा ठीक आहेत. मग संशय उरतो तो स्पीकरवर किंवा हेडफोनच्या जॅकवर. धुळीमुळे जॅकमधील स्विच अडकला, तर पिन काढल्यावरही लॅपटॉपला हेडफोन लावलेलाच वाटतो. पिन दोन-चार वेळा हलक्या हाताने आत-बाहेर करा. जॅकमध्ये सुई किंवा टाचणी घालू नका.

हेडफोनही गप्प असेल तर?
आधी ‘रीस्टार्ट’ करा. ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही, ‘रीस्टार्ट’मध्ये होते. तरीही आवाज नसेल, तर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घेऊन पुन्हा इन्स्टॉल करा.

शेवटची कसोटी
अनेक लॅपटॉपमध्ये विंडोज सुरू होण्याआधीच हार्डवेअर तपासण्याची सोय असते. डेलमध्ये त्यासाठी चालू करताना एफ१२, तर एचपीमध्ये एफ२ दाबतात. तिथे स्पीकरची चाचणी असेल आणि त्यात स्वच्छ आवाज आला, तर दोष सॉफ्टवेअरचा. स्पीकर बदलण्याचे कारण नाही. तिथेही आवाज आला नाही किंवा फाटका आला, तर मात्र दुरुस्ती अटळ. वॉरंटी शिल्लक आहे का पाहा, डेटाचा बॅकअप घ्या आणि काय काय तपासले ते तंत्रज्ञाला सांगा. म्हणजे मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाला, तर ‘का?’ असे नेमकेपणाने विचारता येईल.