६१७४ (संख्या)

६१७४ (सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर) ही ६१७३ नंतरची व ६१७५ पूर्वीची नैसर्गिक संख्या होय. नाशिकजवळील देवळाली येथील शालेय शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी तिचा एक विलक्षण गुणधर्म शोधून काढला. त्यामुळे ती ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने ओळखली जाते.

कृती

चारही अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून, तेच अंक चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ मिळते. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

यापुढे ७६४१ − १४६७ = ६१७४ असल्याने उत्तर बदलत नाही.

विद्यार्थ्यांची चूक बहुधा शून्यापाशी होते. २१११ घेतल्यास पहिली वजाबाकी ९९९ येते. ती ०९९९ अशी चार अंकीच लिहिली पाहिजे. मग ८९९१, ८०८२, ८५३२ या मार्गाने ६१७४ येते. शून्य गाळल्यास ९९९ − ९९९ = ० होते आणि नियमच खोटा वाटू लागतो.

कारण

संख्येचे अंक मोठ्यापासून लहानाकडे क, ख, ग, घ मानल्यास वजाबाकी ९९९(क − घ) + ९०(ख − ग) इतकी येते. अर्थात मूळ अंकांना महत्त्व नाही. महत्त्व या दोन फरकांना आहे. पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा ० पासून फार तर पहिल्याइतका, म्हणून अशा जोड्या केवळ ५४ होतात. हजारो संख्या पहिल्याच पायरीला ५४ उत्तरांत सामावतात. ती सर्व उत्तरे वहीत तपासली की नियम सिद्ध होतो; शालेय बीजगणितापलीकडे काही लागत नाही. ६१७४ मध्ये हे फरक ६ व २ असून ९९९ × ६ + ९० × २ = ६१७४.

तीन अंकी संख्यांसाठी असा स्थिरांक ४९५ आहे. दोन अंकी संख्या मात्र ०९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात, आणि पाच अंकी संख्यांना स्थिरांक नाही.

इतर गुणधर्म

वरील गुणधर्म दशमान लेखनावर अवलंबून आहे. अवयवांचे तसे नाही. ६१७४ = २ × ३² × ७³. तसेच १८ + १८² + १८³ = ६१७४. तिच्या अंकांची बेरीजही १८ असून १८ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद संख्या’ म्हणतात आणि हे नावही कापरेकरांचेच. ६१७४ पर्यंतच्या संख्यांपैकी १७६४ संख्यांचा तिच्याशी १ खेरीज सामाईक विभाजक नाही. १७६४ हा ४२ चा वर्ग असून त्यातील अंक ६१७४ चेच आहेत. हा निव्वळ योगायोग म्हणावा लागेल.

इतिहास

कापरेकर १९२९ साली मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ शिक्षक होते. १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला; १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यावरील लेख प्रसिद्ध झाला. देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम अंकांची करमणूक म्हणून बाजूस सारले. गुणधर्म लेखनपद्धतीशी बांधलेला आहे, या आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो सिद्ध करता येतो, हे त्या उपेक्षेत विसरले गेले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले. त्यांना निवृत्त होऊन तेव्हा तेरा वर्षे होत आली होती.