अंगणातले पाहुणे – भाग ७ : कढीपत्त्याचं कुरतडलेलं पान

गेल्या आठवड्यात आपण पाण्याच्या थाळीवर येणारे पक्षी पाहिले. या वेळी फार लांब जायचं नाही, कढीपत्त्याच्या कुंडीपाशी थांबायचं. बागेत फुलपाखरांच्या मागे पळणारे बरेच जण दिसतात आणि संध्याकाळी त्यांच्या मोबाइलमध्ये धूसर पट्ट्यांखेरीज काही नसतं. त्यापेक्षा एक झाड निवडावं आणि त्याच्याकडे कोण, कधी, कशासाठी येतं ते समजून घ्यावं. फोटो मग आपोआप मिळू लागतात.

कढीपत्ता हे लिंबाच्या कुळातलं झाड. कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय या दोन फुलपाखरांच्या माद्या याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतात. २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला ते ब्लू मॉरमॉनही यांच्याच गोतावळ्यातलं. मात्र त्याची ओढ पपनस आणि लिंबाकडे जास्त.

अंडी घालायला आलेली मादी ओळखणं सोपं असतं. ती फुलांकडे ढुंकूनही बघत नाही. पानापानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी पानावर भराभर थापट्या मारते. चव घेणारी इंद्रियं तिच्या पायांवर असतात, त्यामुळे झाड बरोबर आहे की नाही हे तिला असं कळतं. खात्री पटली की पोटाचं टोक वळवून कोवळ्या पानाला एकच फिकट पिवळं अंडं चिकटवते आणि पुढे सरकते. हे करताना तिचे पंख फडफडतच असतात. तेव्हा कॅमेऱ्याचा शटर वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाजवळ ठेवा. मोबाइल असेल तर बटण दाबून धरून सलग फोटो काढा आणि नंतर निवडा.

मादी दिसली नाही म्हणून हिरमुसू नका. पानाच्या कडेला अर्धगोल कुरतडलेलं दिसलं, खालच्या पानावर बारीक काळपट लेंड्या पडलेल्या दिसल्या, की नजर सरळ वर न्यायची. तिथे पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा तपकिरी-पांढरा ठिपका असेल, तीच अळी. वाढीच्या पहिल्या चार टप्प्यांत ती हे सोंग वठवते. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते, आणि छातीवर डोळ्यांसारखे दोन ठिपके उमटतात. खरं डोकं त्यांच्या पुढे, खाली झुकलेलं आणि अगदी चिमुकलं असतं. तिला डिवचलं तर डोक्यामागून दुशिंगी अवयव बाहेर येतो आणि उग्र दर्प सुटतो. त्याचा फोटो घेण्यासाठी तिला मुद्दाम टोचणारे लोक मी पाहिले आहेत. ते करू नये. फोटोसाठी एखाद्या जिवाला घाबरवणं मला तरी पटत नाही.

अळी हलत नाही, तरी तिचा फोटो वाटतो तितका सोपा नसतो. इतक्या जवळून काढताना जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोलीचा भागच स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा अळीच्या अंगाला समांतर धरायचा, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं एका पातळीत येतं. वाऱ्याने फांदी हलत असेल तर शेजारी काठी रोवून कपडे वाळत घालायच्या चिमट्याने फांदी तिला धरून ठेवा. सावलीच्या बाजूला लग्नपत्रिकेचं पांढरं पाकीट धरलं तरी पुरेसा उजेड परततो. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आधीची. लेन्सच्या किमतीबद्दल पत्रं येतात, पण त्यावर सध्या एवढंच : आधी पाकीट आणि चिमटा, खरेदी नंतर.

आता या झाडाची खरी गंमत. कॉमन मॉरमॉनचा नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्या मात्र तीन तऱ्हेच्या. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. रोझ फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या कुळातल्या विषारी वेली खातात, त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत आणि त्यांची नक्कल करणारी मॉरमॉन मादी बिनघोर फिरते. एकाच जातीत एवढी रूपं कशी, हे कोडं दीर्घकाळ संशोधकांना खुणावत होतं. ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’मुळे मराठी वाचकांना माहीत असलेले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की या रूपांची सूत्रं डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकाकडे आहेत. कीटकांमध्ये नर-मादीचं वेगळेपण घडवणारं हे जनुक.

फोटो काढणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट अगदी साधी आहे. रोझचं शरीर लाल असतं, नक्कल करणाऱ्या मॉरमॉनचं काळं. पंख सुंदर आले आणि धड पानाआड गेलं, तर फोटो भिंतीवर लावता येईल, पण फुलपाखरू कोणतं ते पक्कं सांगणं अवघड जाईल. म्हणून एक फोटो वरून घ्यावा आणि एक बाजूने, मिटलेल्या पंखांचा, धडासकट. मनाजोगतं छायाचित्र त्यानंतर.

ओळख पटवण्याची ही हौस आपल्याकडे जुनी आहे. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक, ई. एच. एटकेन, कस्टम आणि मिठाच्या खात्यात नोकरीला होते. जे. डेव्हिडसन यांच्याबरोबर त्यांनी मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या पाळल्या आणि कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते ते १८९० मध्ये लिहून ठेवलं. कॅमेरा नव्हता, पण त्यांची पहिली पायरीही झाडाची ओळख हीच होती.

अळ्या आल्या की पक्षी येणारच. शिंपी आणि वटवट्या पानांच्या खालच्या बाजू तपासत फिरतात. फळं काळी झाली की बुलबुल हजर. यांच्यासाठी अंगणात उभं राहू नका. खिडकीच्या आत, दिवा बंद करून, दोन पावलं मागे थांबा. पक्षी खिडकीला फारसा बिचकत नाही, हलणाऱ्या माणसाला बिचकतो. फोकस डोळ्यावर. घरटं दिसलं तर कॅमेरा खाली ठेवा आणि घरट्यावरची पानं बाजूला सारू नका, कारण त्याच पानांमुळे कावळ्याला पिल्लं दिसत नाहीत. आणि झाडावर फवारणी करणार असाल, तर वरचं सगळं विसरा.

अळी एके दिवशी खाणं थांबवून भटकू लागते. मग कमरेला रेशमाचा पट्टा बांधून कोषात जाते. कोष हिरवाही असतो, तपकिरीही. कोषाला बारीक छिद्रं दिसली तर आत परजीवी माश्या वाढून गेल्या असं समजा. त्याचाही फोटो काढून तारीख लिहून ठेवा. कोषाच्या कवचातून पंखांची नक्षी दिसू लागली, की दुसऱ्या दिवशी पहाटेच तयार राहा. बाहेर आलेलं फुलपाखरू पंख वाळेपर्यंत जागचं हलत नाही. निवांत फोटो काढायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही.

पुढच्या भागात रात्रीचे पतंग. एक पांढरी चादर आणि साधा दिवा काढून ठेवा.